पाइपमधल्या वासाबाबत दुरुस्ती

बाळारामदादा, तुम्ही मंगळवारी सकाळी सव्वासातला गेलात. ओटीवर बसला होता, कपातला चहा अर्धा झाला होता. डावा हात दुखतो असं सुमनवहिनींना म्हणालात आणि तुमच्या मुलाने, दिनेशने, गाडी दारात आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मला फोन आला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. कर्जतच्या भिसेगावातल्या माझ्या घरून चौक गावाच्या अलीकडे तुमच्या गावात यायला स्कूटरने अर्धा तास लागतो. त्या दिवशी पाऊण लागला.

जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण आहे, हे मी इथे देत नाही. तशा चौकटी मी वर्तमानपत्राच्या कचेरीत तीस वर्षं लावल्या. त्यातल्या एकीतही तुम्ही मावला नसता, आणि तुमची अटही होती. पहिल्याच वर्षी मी म्हणालो होतो की तुमच्या कामावर लिहितो. तुम्ही हातातला बोळा खाली न ठेवता म्हणालात, "पेपरात नको साहेब. लोक येतील बघायला. बघणाऱ्यांना चा द्यावा लागतो."

ती अट मी आज मोडतो आहे. का, ते पुढे येईलच.

मी निवृत्त होऊन कर्जतला राहायला आलो तेव्हा माझ्याकडे तंबाखू ओढायचे चार पाइप होते आणि चारही बिघडलेले. पाइप मोडलेला नव्हता एकही. बिघाड चवीचा होता. एकात कधीतरी चेरीच्या वासाची गोड तंबाखू ओढली होती; त्यानंतर त्यात काहीही भरलं तरी चेरीच लागायची. बाजारातल्या घड्याळवाल्याने तुमचं नाव सांगितलं. म्हणाला, माथेरानच्या हॉटेलात नोकरीला होते, पाइप साफ करतात, स्वतः ओढत नाहीत. शेवटचं वाक्य मला चुकीचं वाटलं म्हणून मी खात्री करायला आलो.

खरं निघालं. तुम्ही आयुष्यात एकदाही पाइप पेटवला नव्हता. पेटवला नव्हता, पण तोंडात मात्र रोज धरत होता. धुतलेला, कोरा पाइप ओठांत धरून आत नुसती हवा ओढायची, डोळे मिटायचे, मग नाकाने सोडायची. एवढ्यावर तुम्ही सांगायचा, ह्यात आधी काय होतं. माझा पहिला पाइप ओढून म्हणालात, "मागला हाय अजून." आधीच्या तंबाखूच्या चवीला तुम्ही 'मागला' म्हणत होता. जणू घर सोडायला तयार नसलेला भाडेकरू.

मी विचारलं होतं, न ओढता कसं कळतं? तुम्ही म्हणालात, "धूर काय करतो साहेब, धूर सगळं झाकतो. हवा खोटं बोलत नाय."

हे तुम्हाला शिकवलं पुण्याच्या एका वकिलांनी. दर वर्षी एप्रिलमध्ये ते माथेरानला महिनाभर राहायचे. एकदा मला तिथे घेऊन गेलात तेव्हा ती हकिगत सांगितलीत. दस्तुरीच्या पुढे गाड्या जात नाहीत, म्हणून तिथे टॅक्सी सोडून आपण चालत निघालो. घोडेवाल्यांनी तुम्हाला ओळखलं. एक म्हातारा म्हणाला, "काय रं बाळाराम, आता गिऱ्हाईक म्हनून आलास काय?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "गिऱ्हाईक हे. मी यांचं सामान." हॉटेलच्या मागच्या व्हरांड्यात एक फळी होती, तिला बारा खाचा. पाहुण्यांचे पाइप तिथे ठेवायचे, खाचेवर खोलीचा आकडा.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही त्या फळीवरचे तीन पाइप एकदम साफ केलेत. एका वाडग्यात स्पिरिट घेतलं, त्यातच एकामागून एक तिन्ही. संध्याकाळी तिघे पाहुणे एकाच टेबलावर बसले आणि तिघांच्याही तोंडाला एकच चव लागली. दोघे वरच्या आवाजात बोलले. तिसरे होते ते वकील. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला बोलावलं, तिन्ही पाइप समोर ठेवले आणि प्रत्येकातून हवा ओढायला लावली. "तवा मला कळलं का मी धुतलं नव्हतं," तुम्ही म्हणालात, "मी वाटलं व्हतं. सगळ्यांना सारखं."

तेव्हापासून एका पाइपला एक वाटी, एक बोळा. ते तुम्ही पन्नास वर्षं सोडलं नाहीत.

तुमच्या ओटीवरचं काम मी इतक्या वेळा पाहिलं आहे की डोळे मिटून लिहू शकतो. आधी गोल पात्याने आतला काजळीचा थर खरवडायचा, पण सगळा नाही. पोस्टकार्डाच्या जाडीएवढा ठेवायचा, नाहीतर लाकूड थेट आगीला लागतं. मग तळाच्या भोकात कापसाचा बारीक बोळा. वरून पेणच्या मिठागरातलं जाडं मीठ, काठोकाठ. मिठावर ड्रॉपरने स्पिरिट, मीठ ओलं होईल इतकंच. पाइप वाटीत तिरपा ठेवून एक दिवस हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी मीठ चहाच्या रंगाचं झालेलं असे. ते तुम्ही मला दाखवायचा, जसा डॉक्टर काढलेला खडा दाखवतो. तंबाखू भरायचं भांडं पातळ असेल तर मीठ नाही, नुसता कापूस; मिठाने एकाला चीर गेली होती, ती तुम्ही विसरला नव्हता. नळीसाठी खराट्याचे हीर, त्यांना कापूस गुंडाळलेला. बाजारात त्यासाठी तारा मिळतात, मी आणूनही दिल्या. तुम्ही त्या दिनेशच्या गॅरेजला पाठवल्यात.

आणि मागला मुळात बसू नये म्हणून काय करायचं, त्यावर तर तुम्ही मला शाळेतल्या मुलासारखं घोकून घेतलंत. एका पाइपला एकाच जातीची तंबाखू. गोड तंबाखूच्या पाइपला लाल दोरा, धुरकट तंबाखूच्या पाइपला काळा. ओढून झाला की गार होऊ द्यायचा, मग लगेच पुसायचा. "जेवल्यावर ताट तसंच ठेवता काय?" एकदा ओढलेला पाइप दुसऱ्या दिवशी हातात घ्यायचा नाही. लाकडाला वाळायला वेळ हवा. या नियमामुळे माझं ओढणं निम्म्याहून कमी झालं. हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी तुमचा नंबर मागितला. तुमचं त्यावर म्हणणं होतं, "सोडलंत तर बरंच. पन वढायचाच तर सोच्छ वढा."

शेवटचा नियम पावसाळ्याचा. पाइप बंद कपाटात ठेवायचा नाही. बुरशी आली तर येऊ दे, ती पुसता येते. हवेत ठेवायचा.

तुमचा स्वतःचा एकच पाइप होता. वकिलांनी शेवटच्या वर्षी दिलेला, गडद तपकिरी, सरळ नळीचा. मी यायला लागलो त्याच्या चौथ्या वर्षी तो तुम्ही माझ्या हातात ठेवलात. "तुमी वढा. माझ्याकडं नुस्ता पडून हाय. साधी तंबाखू भरा, वासाची नको. दिवाळीला साफ करायला आना म्हंजे झालं."

त्या पावसाळ्यात माझ्या पाइपांना बुरशी आली. मी पाचही पाइप पुसले आणि लोखंडी कपाटात ठेवले, गरम कपड्यांच्या खणात. त्या खणात डांबरगोळ्या होत्या. मीच टाकल्या होत्या, मूठभर. पाइप तिथे चार महिने राहिले.

दिवाळीच्या आधी कपाट उघडलं तेव्हा वास आला. मी तुमच्या पाइपातून हवा ओढून पाहिली. पेटवायची गरज नव्हती.

तो पाइप मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तुमच्याकडे आणला. येताना काय सांगायचं ते ठरवलं होतं. तुम्ही घरी नव्हता, पनवेलला मुलीकडे गेला होता. वहिनींनी पिशवी घेतली आणि पोरं हात लावतील म्हणून आपल्या कपाटात ठेवली. गोळ्या तिथेही होत्या. तिसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात. मीही आलो. तुम्ही पिशवी सोडलीत, पाइप ओठांत धरलात आणि डोळे मिटायच्या आतच उघडलेत.

"सुमन. गोळ्यांत ठेवलास गं?"

वहिनी आतून म्हणाल्या, "दोनच दिस व्हता."

"दोन दिस लय झाले."

"मंग गळ्यात बांधून हिंडू का काय मी?"

मी बाकावर बसलो होतो. माझ्या हातात कप होता. तिथे एक वाक्य पुरलं असतं. मी चहा प्यायलो.

पुढची दोन वर्षं तुम्ही त्या पाइपवर काम केलंत. वास दोन दिवसांचा, वरवरचा आहे असं समजून तुम्ही आधी मीठ आणि स्पिरिट लावलंत. तिथे चूक झाली. स्पिरिटने तो वास बाहेर येण्याऐवजी लाकडात खोल गेला. चार महिन्यांचा वास आहे हे ठाऊक असतं तर तुम्ही स्पिरिटला हात लावला नसता; असला वास मुरला असेल तर स्पिरिट लावायचं नाही, हे तुम्ही स्वतः नंतर एकदा बोललात. दुसऱ्याच एका पाइपबद्दल. मी ऐकलं.

मग तुम्ही करवंटीचा कोळसा करून पाहिलात. करवंट्या जाळून, कुटून, कापडातून चाळून काढलेली काळी भुकटी. ती पाइपमध्ये भरायची, पाइप चुलीच्या मागच्या कट्ट्यावर उबेला ठेवायचा, आठ दिवसांनी भुकटी बदलायची. उन्हात नाही, उन्हाने नळी हिरवट पडते. तीन महिन्यांनी तुम्ही म्हणालात, "हालला. मागला हालला."

तुमची ती युक्ती मी घरी नेली आणि माझे चार पाइप, जे मी तुमच्यापासून लपवून ठेवले होते, त्यांच्यावर वापरली. तुम्हाला सांगितलं होतं की सध्या ओढणं बंद आहे. दहा महिन्यांत चारही निघाले. त्यांना आधी स्पिरिट लागलं नव्हतं. तुमचा अडकून राहिला.

आपला वाद त्याच काळातला. माझं म्हणणं, लाकडात एकदा शिरलेलं पूर्ण कधीच निघत नाही, कडक तंबाखू सलग पंधरा दिवस ओढावी म्हणजे ते खाली दबतं. तुमचं म्हणणं, निघतं, वेळ लागतो. मी म्हणायचो, कळत नसेल तर निघालं काय आणि दबलं काय, फरक काय? तुम्ही एकदा हातातली भुकटी चाळून संपवलीत. मग म्हणालात, "तुमाला नाय कळनार. पायपाला म्हाईत असतं."

मी हसलो होतो. बातमीदाराला पाइपची साक्ष चालत नाही.

या दोन वर्षांत जो कोणी ओटीवर आला त्याला तुम्ही तो पाइप दाखवलात आणि गोष्ट सांगितलीत. "आमच्या सुमननं डांबरगोळ्यांत ठेवला." रागाने नाही, थट्टेनेच. वहिनीही तयार असायच्या. "व्हय, मीच ठेवला. आता तुमाला पन ठेवते, झुरळं तरी लागनार नायत." गॅरेजची पोरं हसायची. पुण्याहून पाइप पाठवणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही फोनवर सांगितलंत. पनवेलच्या मुलीने आईला गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा पाला ठेवायला सांगितलं. मी यातल्या बऱ्याच वेळा हजर होतो.

एकदाच तुम्ही वेगळं बोललात. भुकटी बदलताना, माझ्याकडे न बघता. "दोन दिसांचा वास असा बसत नाय साहेब." मी हिराला कापूस गुंडाळत राहिलो. तुम्ही नवी भुकटी भरलीत. तुम्हाला संशय होता का, याची खात्री करून घ्यायला आता मार्ग नाही. त्यामुळे होता असंही मी लिहीत नाही.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी आलो. वहिनी मागच्या पडवीत बसल्या होत्या, शेजारणी नुकत्या उठून गेल्या होत्या. मी खाली बसलो आणि सांगितलं. गोळ्या माझ्या कपाटातल्या. चार महिने. पिशवी त्यांच्या हातात दिली तेव्हा वास आलेलाच होता.



"मंग बोलला का नाय?"

"लाज वाटली. पाइप त्यांचा होता."

"आनि गोळ्या माझ्या झाल्या."

"हो."

"दोन वरसं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. त्या रडत होत्या की हसत होत्या ते मला नीट दिसलं नाही. मग म्हणाल्या, "मी कपाट तीनदा धुतलं वो. साबनानं. हे झोपले का हवा वढून बघायची मी त्या पायपातनं, गेला का म्हनून."

यावर मी काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. माफी मागितली. वहिनींनी ती बाजूला सारली.

"माझ्याकडं मागून काय उपेग? ह्यांनी ज्याला ज्याला सांगितलं त्याला तुमी सांगा. लिवून घ्या."

खिशात वही होती. त्यांनी चौदा नावं सांगितली, एकाही नावाला न अडखळता. प्रत्येक नावाबरोबर तुम्ही कधी, कुठे बसून, काय शब्दांत सांगितलं होतं तेही सांगितलं. तुमची थट्टा त्यांनी दोन वर्षं थट्टेनेच परतवली होती आणि त्या एकही विसरल्या नव्हत्या. पंधरावं नाव सांगताना थांबल्या. "ह्यांना पन सांगायचं व्हतं. ते आता कसं सांगनार?"

मी म्हणालो, लिहितो.

"पेपरात नको म्हनायचे."

"तुम्ही सांगा. लिहू का?"

"लिवा. नाव घाला माझं. गोळ्या माझ्या नव्हत्या असं नीट लिवा, गोल गोल नको."

वर्तमानपत्रात एक साधा नियम असतो. चूक ज्या पानावर छापली, दुरुस्तीही त्याच पानावर. मी तो नव्या मुलांना शिकवत असे. वहिनींना तो कोणी शिकवला नव्हता.

तर बाळारामदादा, तुमच्या नावाने हा मजकूर. तुमच्या पाइपला डांबरगोळ्यांचा वास लागला तो भिसेगावला माझ्या घरी, माझ्या कपाटात, मी टाकलेल्या गोळ्यांमुळे. सुमनवहिनींच्या कपाटात पाइप दोन दिवस होता. त्याआधीच तो खराब झालेला होता. त्यांची काही चूक नव्हती. स्पिरिट लावण्यात जी चूक झाली तीही तुमची नव्हे. तुम्हाला मिळालेली माहिती अपुरी होती, आणि ती अपुरी ठेवणारा मी.

आपल्या वादाचंही सांगायला हवं. पाइप अजून कट्ट्यावर आहे. दिनेश तो तुमच्या फोटोपाशी ठेवायचं म्हणत होता. वहिनींनी नको म्हटलं, काम चालू आहे म्हणाल्या. शनिवारी भुकटी बदलायची होती, ती त्यांनी बदलली. मला हवा ओढून बघायला दिली. मला वास आला नाही. वहिनींना आला. तुमच्या पद्धतीने पाहायचं तर त्यांचं नाक दोन वर्षं रोजच्या सरावाचं आहे, माझं नाही. तेव्हा वाद अनिर्णित आहे, आणि तुमच्या बाजूला झुकलेला आहे.

माझं काय राहिलं, तेही लिहून टाकतो. तुमच्या ओटीवर गेली सहा वर्षं मी दर रविवारी बसलो. निवृत्तीनंतर माणसाला आपलं काय होणार ही जी धास्ती असते, ती मला तिथे बसल्यावर कधी वाटली नाही. तुम्ही बोळे वळत असायचा, मी हिरांना कापूस गुंडाळत असायचो, रस्त्यावरून टेंपो जायचे. पुष्कळदा तासभर कोणी बोलत नसे. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडत आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं. माझे चारही पाइप आज स्वच्छ आहेत. दोघांना लाल दोरा आहे, दोघांना काळा. गेल्या आठवड्यात मी एकदाच ओढला. चांगला लागला.

यादीतल्या पाच जणांना मी फोन केले. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, वहिनींना माझा नमस्कार सांगा. पनवेलची मुलगी म्हणाली, आईशी बोलते. उरलेले नऊ जण तेराव्याला येणार होते.

काल तुमचं तेरावं झालं. मांडवात पंगत बसली, पानं वाढून झाली. मी उभा राहिलो आणि नऊ जणांची नावं घेऊन, वर लिहिलं आहे तेच सांगितलं. बाकीच्यांनीही ऐकलं. गॅरेजच्या पोरांपैकी एकाने, "म्हंजे काकी नव्हत्या?" असं विचारलं. मी नाही म्हणालो. सांगायला चार मिनिटं लागली. सुमनवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

त्या म्हणाल्या, "ऐकलंत ना? आता जेवा."